विमानाची पाठ दिसणारी टेकडी

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी माझी बायको सुलभा चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशी खाली बसली. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. दुपारी हॉस्पिटलमध्ये ती वारली.

तेराव्यासाठी गुरुजींनी फोटो मागितला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात तिचा फोटो नाही. लग्नाचा अल्बम आहे, पण त्यातली मुलगी चोवीस वर्षांची आहे. त्यानंतर आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे कॅमेरा तिच्या हातात असे. नायगाऱ्यापाशी मी भिजलो आहे. ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँड गावातल्या गणपतीत मी आरतीचं तबक धरून उभा आहे. ती कुठेच नाही. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ‘आई, इकडे बघ’ म्हणणारंही कोणी नव्हतं. शेवटी पासपोर्टवरचा फोटो मोठा करून चौरंगावर ठेवला. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं. लोक येऊन नमस्कार करत होते आणि मी बाजूला बसून विचार करत होतो, की ही बाई कोण.

फोटो नव्हते असं नाही. तिच्या कॉम्प्युटरवर हजारो होते, पण ते लढाऊ विमानांचे.

सुलभाचं बालपण नाशिकजवळ ओझरला गेलं. वडील तिथल्या विमानांच्या कारखान्यात होते. आवाज ऐकला की सगळी भावंडं गच्चीवर धावत आणि ज्याला आधी दिसेल तो ‘आलं, आलं!’ म्हणून ओरडे. पुढे ती डॉक्टर झाली, पॅथॉलॉजिस्ट. सगळा जन्म सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसली, पण मान वर करायची सवय गेली नाही. निवृत्तीनंतर दर ऑक्टोबरात ती आठवडाभर कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात जाई. तिथे डोंगरांमधल्या एका अरुंद दरीतून हवाई दलाची आणि नौदलाची विमानं सरावासाठी खूप खालून उडतात. दरीच्या कडेला टेकडीवर बसलं, की विमान आपल्या पायांखालून जातं. ‘जमिनीवरून विमानाचं पोट दिसतं, इथून पाठ दिसते,’ असं ती सांगे.

मी एकदाच सोबत गेलो होतो, तेही गावातल्या मोटेलपर्यंत. ती टेकडीवर, मी खोलीत पुस्तक घेऊन. दोघांनाही ते बरं वाटलं होतं. ही विमानं शेवटी कुठे जाऊन काय करतात, हे मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “ते मला ठाऊक आहे. मी वळण बघते.” त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

फाल्गुनात वर्षश्राद्ध आहे. त्याआधी तिचा एक तरी फोटो मिळवावा, असं मी ठरवलं. जिथे दहा माणसं दिवसभर मोठमोठे कॅमेरे घेऊन बसतात, तिथे कोणाच्या ना कोणाच्या कॅमेऱ्यात ती असणारच, असा माझा हिशेब होता. म्हणून ऑक्टोबरात, ती जात असे त्याच सुमारास, मी निघालो.

क्युपर्टिनो

सुलभाच्या बहिणीची मुलगी मृणाल क्युपर्टिनोला असते. पहिला मुक्काम तिच्याकडे. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि दिवसभर मीटिंगा घेते. मला भाताचं ताट वाढून ती दुसऱ्या खोलीत जाई, तिथून तिचं इंग्रजी ऐकू येई, मग बाहेर येऊन ‘काका, वरण घ्या ना’ म्हणे.

मी एकटा ड्राइव्ह करणार हे तिला मान्य नव्हतं. नवऱ्याला पाठवते म्हणाली, विकेंडपर्यंत थांबा म्हणाली. विकेंडला विमानं उडत नाहीत, हे मी तिला सांगितलं.

“काका, तिथल्या लोकांना माहितीये का? मावशीचं?”

मी म्हटलं, बहुतेक नाही. मला त्यांची नावंही धड माहीत नव्हती.

“म्हणजे तुम्हीच सांगणार,” ती म्हणाली. “मी येऊ का? सिरियसली. मी कॅन्सल करते सगळं.”

मी नको म्हटलं. सकाळी तिनं तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, चिवड्याची पिशवी आणि चहाचा थर्मास गाडीत ठेवला. चिवडा मावशीच्या पद्धतीचा आहे, म्हणाली, म्हणजे दाणे जास्त आणि साखर अजिबात नाही.

डोंगराच्या पाठीमागे

सह्याद्री ज्यानं पाहिला आहे त्याला सिएरा नेवाडा उलटा वाटतो. आपल्याकडे पश्चिमेला कोकणात कडे कोसळतात आणि पूर्वेला देश हळूहळू उतरत जातो. इथे पश्चिमेकडून दिवसभर चढत राहावं लागतं, देवदारासारखी झाडं, ओढे, दगडांची पठारं, आणि माथा ओलांडला की पूर्वेला सगळं एकदम तुटतं. खाली लांबलचक, कोरडी दरी. पाऊस पलीकडेच संपलेला. राखाडी झुडपं, मध्येच ओढ्याकाठी पिवळी झालेली कॉटनवुडची झाडं आणि एका आटलेल्या तळ्याचा पांढरा तळ. शुगर लँडला हवा अंगाला चिकटते, इथे ती अंगातलं पाणी काढून घेते. संध्याकाळपर्यंत माझे ओठ फुटले.

लोन पाइन हे एका रस्त्याचं गाव आहे. मोटेल तेच घेतलं. जेवायला समोरच्या हॉटेलात गेलो. मांसाशिवाय तिथे चीज भाजलेला पाव आणि ॲपल पाय एवढंच होतं. वाढणाऱ्या बाईंनी दुसऱ्या माणसाचे काटे-चमचे उचलताना विचारलं, “एकटेच?” मी हो म्हटलं. हा प्रश्न तिथे रोज कितीतरी जणांना विचारला जात असेल. ॲपल पाय चांगला होता. मी तो निम्मा ठेवला.

टेकडी, पहिला दिवस

टेकडी कुठे आहे हे मी लिहिणार नाही. तिथल्या माणसांनी तशी विनंती केली आहे, आणि त्यांचं बरोबर आहे. मलाही ती सहज सापडली नाही. सुलभाच्या बोलण्यात एक पाण्याची टाकी आणि संपणारा डांबरी रस्ता असे. तेवढ्यावर सकाळी दोनदा रस्ता चुकलो. मग धुळीत उभ्या असलेल्या पाच-सहा गाड्या दिसल्या.

वर जायची वाट सुट्या दगडांची. तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट होते. ती ही वाट कशी चढत असेल, हा विचार करत मी तीनदा बसलो.

वर माणसं विखरून बसली होती, प्रत्येक जण आपल्या दगडावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. कोणी बोलत नव्हतं. दोघा-तिघांजवळ वैमानिकांचं बोलणं पकडणारे छोटे रेडिओ खरखरत होते. मी एका मोकळ्या जागी बसलो. एका-दोघांनी मान हलवली, पुन्हा दरीकडे पाहू लागले. आपल्याकडे एखाद्या गडावर अनोळखी माणूस आला तर अर्ध्या तासात त्याचं गाव, पोरंबाळं आणि मधुमेह सगळ्यांना कळतो. इथे दोन तास मला कोणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. नवऱ्यानं येऊन सुरुवात कुठून करायची असते, ते मला माहीत नव्हतं. दोन कावळे, आपल्याकडच्यापेक्षा मोठे, आमच्या खालून उडत गेले. त्यांची पाठ दिसली.

मग माझ्या डावीकडून, अमेरिकन उच्चारात, कोणीतरी ओरडलं:

“आलं! आलं!”

मी मान वळवली. ओरडली होती ती पांढऱ्या केसांची, उन्हानं भाजलेली एक बाई. ती डोळ्याला कॅमेरा लावून उभी होती. तिच्या पलीकडच्या माणसानंही तेच म्हटलं, आणि त्याच्या पलीकडच्यानं. मी त्यांच्याकडे बघत असतानाच छातीत काहीतरी आदळलं. तो आवाज होता. दरीकडे पाहिलं तेव्हा तिथे फक्त दरी होती.

त्या लोकांचे कॅमेरे खाली आल्यावर मी उठून त्या बाईपाशी गेलो आणि विचारलं, हा शब्द तुम्हाला कोणी शिकवला.

“डॉकनं, आमच्या डॉक्टरनं,” ती म्हणाली. “आम्ही सगळे तोच वापरतो. छोटा आहे.” मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही डॉकचे मिस्टर का? पुस्तकवाले? ती कुठे आहे? या वर्षी उशीर केला तिनं.”

मी सांगितलं. मार्चमध्ये, घरी, सकाळी.

त्या बाईचं नाव डॉना. ती शाळेत शिकवत होती, आता निवृत्त आहे आणि दोन तासांवरच्या गावात राहते. ती दगडावर बसली आणि माझ्यासाठी जागा केली. थोड्या वेळानं तिनं पलीकडच्या माणसाला हाक मारली. तो गॅरी, ट्रकवरून फर्निचर पोचवायचा धंदा करणारा, पोट सुटलेला, टोपीवर धुळीचा थर. त्यानं ऐकलं आणि टोपी काढली. मग तो उठून एक एक करून प्रत्येकाच्या दगडापाशी गेला. मी इथून पाहत होतो. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण प्रत्येक जण माझ्याकडे वळून पाही. एवढ्या लांब ह्यूस्टनजवळ झालेलं मरण त्या टेकडीवर असं दगडादगडानं फिरलं.

दुपारी मी चिवडा काढला. गॅरीनं न विचारता ओंजळ पुढे केली. इथे सगळ्यांना तो माहीत होता.

फोटो

मी कशासाठी आलो आहे, ते डॉनाला सांगितलं. ती म्हणाली, नक्की असेल. गॅरी म्हणाला, असेलच की. दोघंही आपापल्या फोनमध्ये आणि कॅमेऱ्यात शोधू लागले आणि मी चहा प्यायलो. हळूहळू त्यांचे चेहरे बदलले.

तेव्हा मला कळलं की माझा हिशेब मुळातच चुकला होता. या लोकांच्या लेन्स हातभर लांब असतात, मैलभर दूरचं पकडण्यासाठी केलेल्या. शेजारी बसलेलं माणूस त्यांच्यात मावतच नाही, नुसता धुरकट रंग दिसतो. आणि विमान केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून कोणी दुसरी लेन्स लावत नाही. टेकडीवर कॅमेरा माणसांकडे वळवायचा नाही, असा एक न बोललेला नियमही आहे. कोणी आजारपणाची रजा टाकून आलेला असतो, कोणी घरी दुसरंच काही सांगून. वर्षानुवर्षं ही माणसं शेजारी शेजारी बसली आणि एकमेकांचा एकही फोटो कोणाकडे नाही.

गॅरीला शेवटी एक सापडला. फोनवर चुकून निघालेला. त्यात तिचा थर्मास आणि कोपर होतं.

“कोपर तिचंच आहे,” तो म्हणाला. “शपथेवर सांगतो.”

मी ते मोठं करून पाहिलं. तिचंच होतं.

“तुझ्या डॉकला फोटो काढता येत नव्हता, हे तुला माहीत आहे का?” गॅरीनं विचारलं. डॉनानं त्याला नुसतं नाव घेऊन दटावलं. “नाही, खरं आहे ते. सगळ्यात आधी विमान दिसायचं तिलाच. कान काय होते. आणि बरोबर समोर आलं की हिचा कॅमेरा खाली. आम्ही इतकं रागावायचो.”

हे ऐकून मला एक गोष्ट आठवली. तिच्या कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक मालिकेत विमान दूरवर ठिपक्याएवढं दिसतं, मग मोठं होतं, वळतं, पंखांवर वाफ धरते, आणि तिथेच मालिका थांबते. सगळ्यात जवळचं चित्र नाही. लांब जाणारं विमान एकाही फोटोत नाही. मला वाटलं होतं, कॅमेऱ्याचा काहीतरी दोष असेल. कॅमेरा खाली करून ती काय करायची, असं मी विचारणार होतो, पण रेडिओ खरखरला आणि सगळे उठले. त्या दिवशी आणखी दोन विमानं आली. मी एकही धड पाहिलं नाही. मी आवाजाकडे बघत होतो, आणि विमान आवाजाच्या खूप पुढे असतं.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी काहीच आलं नाही. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. किनाऱ्यावर धुकं असेल, तळावर सुट्टी असेल, वैमानिकांचा वाढदिवस असेल, असं गॅरी म्हणाला. डॉना आली नव्हती, आणि का ते त्यालाही माहीत नव्हतं. माझ्या मनात आलं की कालच्या बोलण्यानं तिला त्रास झाला असावा.

बसून राहिलो. सुलभा दोन दोन दिवस रिकाम्या हातानं परत येई आणि तरी खूश असे, ते मला कधी समजलं नव्हतं. दुपारपर्यंत थोडं समजलं. दरीच्या समोरच्या कड्यावर उन्हाची रेघ सरकत होती. आधी तांबडा थर, मग करडा, मग जवळजवळ काळा. कड्यात एक भेग आहे, तिच्यात ऊन शिरलं की तिथे एखादं दार असावं तसं वाटतं आणि थोड्या वेळानं ते बंद होतं. मी पुस्तक नेलं होतं. उघडलं नाही.

गॅरी फारसं बोलला नाही. एकदा म्हणाला, त्याच्या बायकोनं त्याला सोडलं तेव्हा तो इथे यायला लागला, आणि पहिल्या वर्षी फक्त डॉकनं त्याला विचारलं होतं, की जेवलास का. “दिवसातून तीनदा,” तो म्हणाला. “तीनदा विचारायची. मला वाटलं डाएटवर ठेवतेय.”

खाली उतरताना माझा पाय घसरला आणि गुडघा फुटला. गॅरीनं बाटलीतलं पाणी ओतून जखम धुतली. “उद्या येऊ नकोस,” म्हणाला. मी म्हटलं, उद्या शेवटचा दिवस आहे. मोटेलच्या आरशात मी स्वतःला पाहिलं आणि मृणालला फोन केला. फोटो मिळाला का, तिनं विचारलं. मी म्हटलं, कोपर मिळालं. ती हसली, मग रडली.

तिसरा दिवस

सकाळी डॉना माझ्या आधी पोचली होती. तिच्या हातात एक पुठ्ठ्याचं पाकीट होतं.

“काल घरी गेले होते,” ती म्हणाली. “एक आठवला. पण तुम्हाला हवा तसा नाहीये. आधीच सांगते.”

आतला फोटो टेकडीचा होता. ही टेकडी, पण दरीतून, हवेतून काढलेली. काही विमानांत वैमानिकाच्या मागे दुसरं माणूस बसतं. तशाच एकानं दोन वर्षांपूर्वी जाता जाता छोट्या कॅमेऱ्यानं आमच्या बाजूचा उतार टिपला होता आणि ओळखीतून डॉनाकडे पाठवला होता. तपकिरी उतार, दगड, आणि दगडांवर उभी असलेली माणसं, तांदळाच्या दाण्याएवढी. प्रत्येकाच्या तोंडापुढे काळा कॅमेरा. एकाचाही चेहरा दिसत नाही.

डावीकडून चौथं माणूस सोडून. त्याचा कॅमेरा छातीशी होता. उजवा हात पूर्ण वर.

चेहरा तिथेही दिसत नव्हता. एवढ्या लहान फोटोत दिसणं शक्य नव्हतं. चष्मा काढून, जवळ धरून, लांब धरून पाहिलं. पण सगळं वजन डाव्या पायावर टाकून, उजवा गुडघा सैल सोडून उभं राहायची ती पद्धत मी ओट्यापाशी रोज पाहिली आहे.

“दर वेळी हे करायची ती,” डॉना म्हणाली. “समोर आलं की कॅमेरा खाली आणि हात वर. फोटोसोबत त्या मुलानं लिहिलं होतं, हात हलवणाऱ्याला सांगा, आम्हीही हलवतो, काचेतून दिसत नसेल.”

मी विचारलं, सुलभानं हा फोटो पाहिला होता का.

“पाहिला. प्रत देते म्हटलं तर नको म्हणाली. म्हणाली, नवरा म्हणेल एवढी लांब लेन्स घेऊन हात काय हलवतेस.”

मी खरोखर तसंच म्हटलं असतं. ती हसली असती. ते मी डॉनाला सांगितलं.

उन्हं वर आल्यावर रेडिओ खरखरला. सगळे उठले. डॉनानं सांगितलं होतं, आवाजाची वाट बघू नका, त्या भेगेकडे बघा. मी भेगेकडे पाहिलं आणि या वेळी मला दिसलं. आवाज नसलेला एक करडा ठिपका, कड्याच्या कडेनं आडवा होत येणारा. ‘आलं’ हा शब्द त्या दिवशी मी ओरडलो. उच्चार माझा बरोबर होता, पण सगळ्यांनी तो आपापल्या पद्धतीनं पुढे नेला.

गळ्यात सुलभाचा कॅमेरा होता. मी तो उचलला नाही. खिशातला फोन काढला, दरीकडे पाठ केली आणि टेकडीवरच्या माणसांचा फोटो काढला. डॉना, केस उडालेले, एक डोळा मिटलेला. गॅरी, तोंड उघडं. त्यांच्यामागे बाकीचे. पाठीमागून आवाज आला आणि माझ्या शर्टाला हिसका बसला. मग शांत झालं.

“चुकलं तुझं,” गॅरी ओरडला. “इतक्या जवळून गेलं. तू उलटा उभा होतास!”

मी त्याला फोन दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, हा फोटो त्याला पाठवता येईल का. त्याच्या मुलीकडे त्याचा एकही फोटो नाही.

शुगर लँड

मी परतलो त्याला आता काही आठवडे झाले. टेकडीवरच्या सगळ्यांना फोटो पाठवले. डॉनानं उत्तरात लिहिलं, माझे केस असे असतात हे मला कोणी सांगितलं का नाही.

वर्षश्राद्धाला पासपोर्टचाच फोटो ठेवणार आहे. नमस्कार करणाऱ्यांना चेहरा लागतो, असं गुरुजी म्हणाले, आणि ते मला पटलं. डॉनानं दिलेला टेकडीचा फोटो स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या भिंतीवर लावला आहे. येणारे जाणारे विचारतात, हा कुठला डोंगर. मी सांगतो, कॅलिफोर्नियातला. कोणी थांबलं तर बोट ठेवून दाखवतो, डावीकडून चौथी.

सकाळी चहा मी ठेवतो. घरात आता तिचे दोन फोटो आहेत.